भेटीची वेळ चार ते सहा

या, जरा जवळ सरका. पाय लांब करायचे तर करा, पण कान इकडे द्या. एका माणसाच्या मरणाची गोष्ट सांगायची आहे. दचकू नका, मरणात वाईट काही नाही. ज्याने जन्म दिला त्यानेच मरणही दिलं, आणि तो कच्चं काम करत नाही. नासवतात ती भोवतीची माणसं. माशा गुळाला लागतात, फोडालाही लागतात. माशीला फरक कळत नाही.

तर एक होता पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात गेलेली. चपलेच्या दुकानापासून वकिलाच्या दारापर्यंत त्या वस्तीतलं निम्मं अक्षर त्याच्या हातचं. सारी वस्ती त्याला पेंटर म्हणायची, सख्खी बहीणसुद्धा. म्हातारपणी पोटात रोग निघाला. मोठ्या हॉस्पिटलने कापून पाहिलं, जाळून पाहिलं, शेवटी हात टेकले. म्हणाले, "आता रोगावर औषध नाही, दुखण्यावर आहे. ते घरीही देता येतं." आणि घरी येऊन बघणाऱ्या एका सेवेचा नंबर दिला. बऱ्या न होणाऱ्या माणसाला त्याच्याच अंथरुणात, कळ न सोसता जाता यावं, म्हणून डॉक्टरीणबाई आणि सिस्टर घरोघर फिरायच्या. तेवढंच त्यांचं काम.

पेंटरला हेच हवं होतं. रस्त्याकडच्या खोलीत खिडकीशी त्याची खाट. तो बहिणीला म्हणाला, "ताई, मला इथून हलवू नका. वॉर्डात चारी भिंती पांढऱ्या. डोळ्यांना काय खायला घालू?"

"हलवणार नाही," आत्या म्हणाली. "शब्द दिला."

घरात तिला सगळे आत्याच म्हणायचे, आपणही तसंच म्हणू. नाटकगृहाच्या तिकीट खिडकीमागे तिने उभा जन्म काढला होता. हाताच्या पंजाएवढ्या भोकातून माणूस ओळखायची: कोण नाटक बघायला आलाय, कोण स्वतःला दाखवायला, आणि कोण फुकट पास मागायला. जगात या तीनच जाती, असं तिचं मत. भावाच्या दुखण्यात राहायला आली तेव्हा कपड्यांची एक पिशवी आणि हे मत, एवढंच सोबत घेऊन आली.

आणि पेंटरचा मुलगा? त्याला आत्या 'अध्यक्ष' म्हणायची. काही खोटं नव्हतं. सोसायटीचा अध्यक्ष, वाचनालयाचा अध्यक्ष, ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाचाही अध्यक्ष, जरी स्वतः अजून ज्येष्ठ व्हायचा होता. दोन माणसं रस्त्यात बोलत उभी दिसली तरी हा मध्ये शिरून प्रास्ताविक करायचा. बाप घरी मरणार म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर दुःख आलं, पण दुःखाच्या पाठोपाठ, दाराआडून डोकावावं तशी, एक संधीही आली.

सिस्टर पहिल्यांदा आली तेव्हा तिने सगळ्यांना खाटेभोवती बसवलं. "औषधाला घरातला एकच माणूस ठरवा," ती म्हणाली. "दहा हात लागले की घोटाळा होतो. कोण बघणार?"

अध्यक्षाचा हात वर गेला. ठरावाला अनुमोदन द्यावं तसा, कोपर ताठ. सूनबाई तेवढ्यात सासऱ्याच्या अंगाखालची ओली चादर घेऊन दारातून जात होती. सिस्टरने तिच्याकडे पाहिलं, पण हात वर असलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आत्यालाही वाटलं, बरंय, मेल्याच्या हाताला काहीतरी काम लागेल.

"हे मॉर्फिन," सिस्टर बाटली दाखवत म्हणाली. "थेंब मोजून, दर चार तासांनी. दुखो वा न दुखो, घड्याळावर. दुखायला लागल्यावर देऊ म्हणाल तर दुखणं पुढे आणि तुम्ही मागे."

"अगदी, अगदी," अध्यक्ष म्हणाला. "शिस्त हा माझा विषय आहे." आणि बाटली कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं, किल्ली त्याच्या खिशात गेली.

आता पुढची गंमत बघा. आठवडा उलटायच्या आत फाटकावर एक छापील पाटी लागली: 'भेटीची वेळ चार ते सहा'. ज्या माणसाने गावभर पाट्या रंगवल्या त्याच्या दारावर छापील पाटी! पेंटरला खिडकीतून ती अर्धी दिसायची. तो म्हणाला, "ताई, त्यातली वेलांटी बघ. मेलेली गोगलगाय."

"पाटीचं सोड," आत्या म्हणाली. "खाली खेळाचे दरही छापायचे राहिलेत."

आणि लोक आले. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसे आले. निवृत्त हेडमास्तर आले, ज्यांनी पेंटरकडून शाळेची पाटी फुकट रंगवून घेतली होती. वरच्या मजल्यावरची बाई आली. ती खोलीत पाऊल टाकताच नाकाला रुमाल लावायची आणि रुमालातूनच विचारायची, "वास नाही ना हो येत यांना कसला?" वाचनालयाची कमिटी आली, मंडळाचे ज्येष्ठ आले. खाटेभोवती खुर्च्या मांडलेल्या, अध्यक्ष उशाशी उभा.

"आम्ही बाबांना हॉस्पिटलच्या दारात नेऊन टाकलं नाही," तो रोज सांगायचा. "माणसाने आपल्या माणसांत जावं, हा आमच्या घराचा विचार आहे. रात्रंदिवस सेवा चालू आहे."

चालू होती, खोटं कशाला बोला. चादरी सूनबाई बदलत होती, कूस आत्या बदलत होती, आणि विचार अध्यक्ष करत होता.

"बाबा, ओळखलंत का?" हेडमास्तर ओरडायचे. पेंटर बहिरा नव्हता, पण मरणाऱ्याशी ओरडून बोलायचं असतं अशी त्यांची समजूत.

"ओळखलं," पेंटर म्हणायचा. "पाटीचे पैसे द्यायला आलात?"

हेडमास्तर हसायचे. "काय विनोदबुद्धी! अजून शाबूत!" आणि अध्यक्षाकडे बघायचे, जणू विनोद त्यानेच पाळून ठेवला होता.

पण हळूहळू पेंटरचे विनोद आटले. सकाळी बरा असायचा, दूध घ्यायचा, रस्त्यावरच्या रिक्षांच्या पाठीवरची अक्षरं वाचून नावं ठेवायचा. दुपार कलली की पोटात कळ उठायची. ओठ पांढरे, कपाळावर घाम, खाटेची कड धरून बोटं काळीनिळी. तशात खुर्च्या भरायच्या. त्याच्या कण्हण्याला लोक "तळमळ" म्हणायचे आणि कोणासाठी असेल यावर आपसात चर्चा करायचे. सहा वाजले की अध्यक्ष कपाट उघडायचा, थेंब द्यायचा; डोसच्या वेळा त्याच्याच ताब्यात, बाकीच्यांनी विचारायच्या नाहीत. मग तासाभराने पेंटर झोपायचा, मार खाल्लेल्या पोरासारखा.

आत्याला राग आला तो सिस्टरचा. घरी येऊन सुखाने मरायला शिकवणार म्हणे! तिने पहिल्या दिवसापासून त्या बाईला फुकट पासवाल्यांत टाकलं होतं.

"काय हो सिस्टर," ती म्हणाली, "तुमचं औषध दुपारी वामकुक्षी घेतं वाटतं?"

सिस्टर चिडली नाही. "आजी, सकाळी आराम, रात्री आराम आणि फक्त दुपारी कळ, हे मलाही कळत नाहीये." ती अध्यक्षाकडे वळली. "डोस वेळेवर जातोय ना?"

"सिस्टर, मी शिस्तीचा माणूस आहे."

डोस वाढवला. दुपारची कळ तशीच. मग डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, पोट हळूच चाचपलं, खूप वेळ पेंटरचा हात हातात धरून बसल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "एवढ्या औषधाला हे दुखणं बधायला हवं होतं. उद्या संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही, तर घरी ठेवणं योग्य नाही. वॉर्डात घेऊन बघावं लागेल. नाहीतर आपण त्यांना घरात नुसते हाल सोसायला ठेवलं असं होईल."

दार उघडं होतं. पेंटरने ऐकलं. फक्त बहिणीकडे पाहिलं. तिकिटं संपल्यावर खिडकीसमोरून न हलणारं माणूस बघतं ना, तसं. आत्याने अशा हजारो नजरा भोकातून पाहिल्या होत्या आणि फळी खाली ओढली होती. ही फळी तिला ओढता येईना. शब्द दिला होता आणि तो पाळायचा कसा ते कळत नव्हतं. ती मोरीत जाऊन नळ मोठा सोडून रडली.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा खुर्च्या भरल्या. वॉर्डाची बातमी पसरली होती, त्यामुळे गर्दी जास्त. खेळ बंद होणार कळलं की तिकिटं जास्त खपतात. पेंटर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. दातांत पांघरुणाचं टोक.

"फारच त्रास दिसतो हो," वरची बाई रुमालातून म्हणाली. "झोपेचं काही देत नाहीत का?"

अध्यक्षाने घसा साफ केला. आता नीट ऐका; त्याने जे केलं होतं ते कोणी उकरून काढलं नाही, कोणी पाळत ठेवली नाही. त्याने ते स्वतः, हार घालून घ्यायला मान पुढे करावी तसं, सांगितलं.

"देतात तर! पण मी त्यात जातीने लक्ष घालतो. ते औषध घेतलं की बाबांना गुंगी येते. तुम्ही मंडळी कामधंदा सोडून लांबून येणार आणि बाबा झोपलेले, हे बरं दिसतं का? म्हणून दुपारचा डोस मी सहाच्या पुढे ढकलतो. पहिल्या दिवसापासून. थोडा त्रास होतो त्यांना, पण सगळ्यांची भेट होते. शेवटी माणसं महत्त्वाची."

"वा," हेडमास्तर म्हणाले. "किती बारीक विचार!"

कमिटीतल्या एकाने मान डोलावली. कोणीतरी चहाचा कप खाली ठेवला. आणि खोलीत एकही माणूस असा निघाला नाही, ज्याला त्या वाक्यात काही खटकलं. पदव्या होत्या, चष्मे होते, पेन्शनी होत्या. कान मात्र एकालाही नव्हता.

आत्या उशाशी ओलं फडकं पिळत होती. तिचे हात थांबले.

"काय म्हणालास?"

"आत्या, नंतर बोलू. पाहुणे आहेत."

"पाहुण्यांसमोरच बोल. पाहुण्यांसाठीच केलंयस ना? माझा भाऊ रोज दुपारी भाजून निघतो, कशासाठी? या," तिने फडक्यानेच हेडमास्तरांकडे बोट केलं, "या टोणग्याला 'ओळखलं' म्हणण्यासाठी?"

"आत्या! भाषा!"

"भाषेला काय झालं? सर्कशीतल्या सिंहाला तरी खेळाआधी खायला घालतात रे. तू बापाला उपाशी ठेवून पिंजरा उघडलास. वर त्याला वॉर्डात पाठवायला निघालास. कशाने? तर तुझ्या भेटीच्या वेळेने! किल्ली दे."

"ते जबाबदारीचं औषध आहे. माझ्या नावावर आहे. आणि जास्त झोपले आणि झोपेतच गेले तर?"

"तर जाऊ दे की! झोपेतच जायचंय त्याला. तुला मात्र तो तुझ्या भाषणात जाताना हवाय. किल्ली दे म्हणते!"

खाटेवरून आवाज आला. पेंटरने पांघरूण दातांतून सोडलं होतं. "दे रे," तो म्हणाला. "दे. मला नको बघायला ही तोंडं."

एवढं स्पष्ट तो आठवडाभर बोलला नव्हता. अध्यक्षाने खिशातून किल्ली काढली. थेंब सूनबाईने मोजले. एक थेंब इकडेतिकडे गेला नाही. आत्याने खुर्च्या एकेक करून उचलायला सुरुवात केली, बसलेल्या माणसांची वाट न बघता. वरची बाई उठताना म्हणाली, "आम्ही आपुलकीने आलो होतो हो."

"आपुलकी बाहेर चपलांपाशी ठेवलीत बहुतेक," आत्या म्हणाली. "जाताना घेऊन जा."

मग तिने सेवेला फोन लावला. काही न लपवता सांगितलं, अध्यक्षाच्या देखत, त्याच्याच शब्दांत. "आजी, मी येते," एवढंच सिस्टर पलीकडून म्हणाली.

आली, डॉक्टरीणबाईंशी बोलूनच आली. दंडाच्या कातडीखाली एक बारीक सुई बसवली, तिला नळी, नळीला मुठीत मावेल एवढा पंप. औषध त्यातून दिवसरात्र आपलं आपण झिरपणार; सिस्टर रोज येऊन भरून जाणार. कुलूप नाही, किल्ली नाही, अध्यक्ष नाही.

"चूक माझीही झाली," हात पुसत ती म्हणाली. "कोण बघणार म्हणून विचारलं आणि वर आलेला हात धरला. चादर घेतलेला हात समोर होता."

"अगं, हात वर करणारे रिकामेच असतात," आत्या म्हणाली. "मीही तुला पासवाली समजले होते. बस, चहा घे."

वॉर्डाचं नाव पुन्हा निघालं नाही. पेंटर दुपारी शांत झोपू लागला. जाग यायची तेव्हा खिडकीतून रस्ता वाचायचा. सिस्टरने दोघी बायकांना समोर बसवून शिकवलं: ओठ कसे ओले ठेवायचे, पाठीखाली उशी कशी सरकवायची. आणि शेवट जवळ आला की घशात घरघर लागेल. ऐकणाऱ्याला भीती वाटते, जाणाऱ्याला त्रास होत नसतो. कुशीवर वळवा, जवळ बसा. रुग्णवाहिका नको, आम्हाला फोन करा. तिच्याबरोबर येणारा माणूस यांना उचलून नेईल, कारण उचलणं हेच त्याचं काम आहे.

आणि एका दुपारी ती घरघर लागली.

आत्याने भावाला कुशीवर घेतलं. सूनबाईने सिस्टरला कळवलं आणि पायाशी बसली. अध्यक्ष दारात आला. घशातला तो आवाज ऐकला आणि त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यापुरता तो कोणाचाच अध्यक्ष नव्हता, नुसता मुलगा होता. आत्याला त्याची कीव आली. "ये," ती म्हणाली, "हात धर त्याचा. बोलू नकोस काही, नुसता धर."

तो दोन पावलं आत आला. मग त्याला लोक आठवले.

"असं नुसतं बघत बसायचं? ऑक्सिजन नाही, काही नाही? लोक म्हणतील पोराने काहीच केलं नाही. मी रुग्णवाहिका बोलावतो." आणि फोन काढला.

सूनबाई उठली. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात तिचा आवाज भांड्यांच्या आवाजापेक्षा मोठा कोणी ऐकला नव्हता. तिने नवऱ्याच्या हातातून फोन घेतला, शांतपणे, जेवताना ताट उचलावं तसा. मोरीत गेली. चादरी भिजत घातलेल्या बादलीत सोडला. पदराला हात पुसत परत आली.

"पडला," ती म्हणाली, आणि पुन्हा सासऱ्याच्या पायाशी बसली.

एवढ्यात फाटक वाजलं. चार वाजायला आले असावेत. पाटी अजून लटकत होती आणि हेडमास्तरांना अपमान लक्षात ठेवण्याइतकीही स्मरणशक्ती नव्हती. आता बघा हं. आत बापाचा श्वास लांबलाय, बाहेर चपला वाजतायत. माणसाने कुठे जावं?

तो बाहेर गेला. "फक्त सांगून येतो," म्हणाला.

व्हरांड्यातून त्याचा आवाज येत राहिला: बाबा विश्रांती घेताहेत, प्रकृती नाजूक आहे, आमच्या घराचा विचार. त्या आवाजाखाली पेंटरचा श्वास एकदा आला. थांबला. आणखी एकदा आला, अगदी हलका. मग आलाच नाही. कपाळावर एक आठी नव्हती. आत्याने वाट पाहिली, मग भावाच्या केसांतून हात फिरवला. "हलवलं नाही हं तुला," ती म्हणाली. सूनबाई पाय चेपत होती; गेलेल्या माणसाचे पाय, आणखी बराच वेळ.

सिस्टर आली, पंप काढला, सुई काढली. तिघींनी मिळून त्याला पुसलं, धुतलेली चादर घातली. पुसायला सिस्टरने अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट पाणी मागितलं होतं, तेवढंच.

शोकसभा वाचनालयाच्या हॉलमध्ये झाली, झोकात झाली. अध्यक्षस्थानी कोण ते सांगायला नको. तो गहिवरला. म्हणाला, "बाबांनी शेवटचा श्वास माझ्या मांडीवर घेतला." वरच्या बाईने रुमाल यावेळी डोळ्यांना लावला. त्याने हेडमास्तरांचे आभार मानले, कमिटीचे मानले, भेटीला आलेल्या प्रत्येकाचे मानले, सेवेचे मानले, खुर्च्या पुरवणाऱ्याचेसुद्धा मानले. पहिल्या रांगेत आत्या बसली होती. तिला उठून खरं सांगता आलं असतं. पण आयुष्यभर खिडकीमागे बसलेल्या बाईला एवढं माहीत होतं, की ज्यांनी खेळाचं तिकीट काढलंय त्यांना पडद्यामागचं दाखवून उपयोग नसतो. ती उठली आणि भाषण संपायच्या आधी निघून गेली, घरी, धुणं वाळत घालणाऱ्या सूनबाईकडे. सूनबाईला सभेला कोणी बोलावलं नव्हतं.

झाली गोष्ट. पेंटरची चिंता करू नका. तो ज्याच्याकडे गेला तिथे भेटीची वेळ नसते. आपण सगळेच एक दिवस खिडकीशी निजणार आहोत आणि तेव्हा भाषणं कामाला येणार नाहीत. म्हणून एवढंच मागणं आहे: आज निजण्याआधी हात जोडाल तेव्हा त्या सूनबाईची आठवण ठेवा. तिचं नाव कोणी घेतलं नाही. तुम्ही घ्या.